क्विरिनची रायफल

१९७३ सालच्या जानेवारीत आल्बान क्रॉनविटर या खाटकाने मांस खाणं सोडलं आणि त्याच्या दुकानाला उतरती कळा लागली.

"खाटीकच खात नाही, म्हणजे मालात काहीतरी असणार," बायका एकमेकींच्या कानात बोलायच्या, पण गल्ल्यामागे उभ्या असलेल्या अफ्राला ऐकू जाईल अशा बेताने. मग मुकाट पलीकडच्या गावची वाट धरायच्या.

अफ्रा ही आल्बानची बायको. मालात काही नाही, जे आहे ते रायफलमध्ये आहे, हे ती कुणाकुणाला सांगणार?

बव्हेरियातल्या आमच्या गावात दर हिवाळ्यात नेमबाजांचा राजा ठरायचा. खानावळीमागच्या लांब खोलीत प्रत्येकाने छऱ्याच्या रायफलीने एकच नेम मारायचा. मध्याच्या सगळ्यांत जवळ ज्याचा छर्रा, तो राजा. त्याच्या गळ्यात चांदीची साखळी पडायची आणि त्याच्या नावाचं नाणं तिच्यात कायमचं ओवलं जायचं. दुसरा येणाऱ्याच्या गळ्यात सॉसेजची माळ. आल्बान वर्षानुवर्षं दुसरा येत होता, आणि ती सॉसेज त्याच्याच दुकानातून जायची. स्वतः भरलेली, स्वतः उकडलेली सॉसेज गळ्यात घालून तो घरी आला की वरच्या मजल्यावरून त्याचे वडील सेबाल्ड हाक मारायचे, "काय रे, झालास का राजा?"

साखळीत सेबाल्डचं नाणं होतं, सेबाल्डच्या बापाचंही होतं. आल्बानचं नव्हतं. म्हातारा नव्वदीला टेकला होता. त्याने डोळे मिटायच्या आत आल्बानला ते नाणं हवं होतं.

म्हणून नाताळाच्या आधी त्याने नोटबुर्गाबाईंकडून रायफल विकत घेतली. त्यांचा नवरा क्विरिन गावातला सगळ्यांत मोठा नेमबाज. नेमबाजांच्या क्लबात तो सगळ्यांसारखी क्लबचीच रायफल वापरायचा, पण घरी एक खास करवून घेतलेली आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. क्विरिनने ती कधी बाहेर आणली नाही, म्हणून तर लोकांना तिचं जास्तच अप्रूप. क्विरिन गेला, वर्ष सरलं, आणि आल्बान दारात जाऊन उभा राहिला.

"मापाने बनवलेली आहे ना?" त्याने विचारलं.

"कारागीर दिवसभर घरी बसून मापं घेत होता," बाई म्हणाल्या.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं की दस्त्यावर गाल टेकला तर डोळा नेमाच्या छिद्रापर्यंत पोचत नाही. आल्बानचं डोकं थेट खांद्यांवरच ठेवलेलं. मुठीची जागा इतकी नाजूक की त्याचा पंजा तिथे मावेना. आणि चाप असा हलका, की जाड बोट नुसतं जवळ गेलं तरी छर्रा सुटायचा. पहिल्या छऱ्याने अफ्राची लोणच्याची बरणी फोडली.

"अरे, सुताराकडे ने. थोडा तासून देईल तो दस्ता," अफ्रा म्हणाली.

"क्विरिनच्या रायफलीला पटाशी लावू? डोकं फिरलंय का तुझं? दोष माझा आहे. माझे गाल जाड, माझी बोटं जाड."

"आणि डोक्यातली अक्कल?"

"तू गप गं."

तिथून सगळं सुरू झालं. गाल उतरावेत म्हणून मांस बंद. मांस बंद म्हणून गिऱ्हाईक बंद. मान लांब व्हावी म्हणून आल्बान रोज सकाळी हनुवटीखाली टॉवेल बांधून मांस टांगायच्या आकड्याला लोंबकळू लागला. पाववाली बाई दूध मागायला मागच्या दाराने आली, तिने ते पाहिलं आणि किंचाळत थेट पाद्रीबाबांना घेऊन आली. बाबांनी दुकानातच तासभर आयुष्याचं मोल समजावलं. अफ्राने त्यांना कॉफी दिली. खुलासा करायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

शेवटी मान आखडली. डॉक्टरांनी तिला ताठ पट्टा घातला. आणि काय नवल! पट्ट्यामुळे हनुवटी वर राहिली, डोळा बरोबर छिद्रासमोर आला. आल्बान त्या पट्ट्यातच झोपू लागला.

राजा ठरायच्या दिवशी त्याने पट्ट्यातली मान ताठ ठेवून नेम मारला. मध्याला केसभर सोडून छर्रा बसला. खोली दणाणली. अफ्राने डोळे मिटून घेतले. संपलं एकदाचं, तिला वाटलं, उद्यापासून हा जेवेल.

"थांबा, अजून एक नाव आहे," क्लबचा प्रमुख म्हणाला. पुरुष कमी पडत होते म्हणून क्लबने त्याच वर्षी बायकांना सभासद करून घ्यायला सुरुवात केली होती. नाव दिलं होतं एकीनेच. नोटबुर्गाबाई पुढे आल्या. उंच, सडपातळ, बगळ्यासारखी मान.

"आल्बान, जरा दे रे ती."

त्याने रायफल दिली. बाईंनी गाल टेकला. रायफल जणू त्यांच्या अंगातूनच उगवली होती. खट्. छर्रा मधोमध.

"बाई, ही... ही क्विरिनची ना?" आल्बानचा आवाज पट्ट्यात अडकला.

"क्विरिनने करवली होती. माझ्यासाठी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. तेव्हा बायकांना इथे कोण शिरू देत होतं? आम्ही आपले गोठ्यामागे मारायचो. हरेल त्याने भांडी घासायची, अशी पैज. तो आयुष्यभर भांडी घासत राहिला."

"मग विकताना सांगायचं तरी!"

"मापाने बनवली का, एवढंच विचारलंस. कुणाच्या मापाने ते विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आणि मला तरी काय माहीत, महिन्याभरात यांना बायका लागणार आहेत म्हणून?"

रात्री आल्बान गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर सॉसेज घालून जिना चढला. अफ्रा मागे होती.

"झालास का राजा?" सेबाल्डने विचारलं.

"नाही हो, बाबा. या वर्षीही नाही. तुमच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून किती..."

म्हातारा गोंधळला. "माझ्यासाठी? अरे, मला काय करायचंय त्या साखळीचं? तू दिवसभर खाली, मी वर. तुझ्याशी दुसरं काय बोलायचं ते सुचायचं नाही, म्हणून आपलं विचारायचो."

नोटबुर्गाबाईंनी रायफल परत घेतली आणि हात थरथरायला लागेपर्यंत दर वर्षी तीच साखळी घरी नेली. पाववालीने आकड्याची गोष्ट मरेपर्यंत सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. दुकान उन्हाळ्यापर्यंत सावरलं. सेबाल्ड त्यानंतर दोन हिवाळे होता. आल्बान संध्याकाळी दुकान बंद करून वर जाऊन बसायचा. दोघांनाही बोलायला फारसं काही सापडत नसे. अफ्रा कॉफी घेऊन वर जायची तेव्हा बहुतेक वेळा दोघेही खुर्चीत झोपलेले असायचे. मग ती स्वतःच ती कॉफी पिऊन खाली यायची.