बाळासो कांबळ्यांचं जादा वजन

बाळासो कांबळे शाहूपुरीतल्या नोंद व मोजमाप कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. वय त्रेपन्न, वजन चौऱ्याण्णव किलो, रक्तदाब एकशे साठ-शंभर. डॉ. आफशीन यांनी गोळी सुरू केली. मीठ कमी करा, रोज चाला, पाच-सात किलो उतरलं तरी फरक पडेल, असं त्यांनी सांगितलं. बाळासोंचे थोरले भाऊ याच दाबानं अंथरुणाला खिळले होते. त्यामुळं बाळासो घाबरले आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या मिसेस ललितावहिनी जास्त घाबरल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी घरातली लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली.

प्रकरण घरातच राहिलं असतं तर मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांच्या वाढत्या रक्तदाबाची गंभीर दखल घेऊन प्रत्येक कार्यालयानं आपलं एकूण वजन चार महिन्यांत दहा टक्क्यांनी घटवावं, आणि दर तीस तारखेला सगळ्यांना काट्यावर उभं करून अहवाल पाठवावा, असा आदेश होता. वजन कसं घटवावं याबद्दल परिपत्रकात एक ओळ नव्हती. अहवालाचा नमुना मात्र सहा पानी होता.

कार्यालयप्रमुख विजयसिंह साहेब कर्तबगार होते. त्यांनी बाराही जणांची बेरीज केली. ती नऊशे चाळीस किलो भरली. दहा टक्के म्हणजे चौऱ्याण्णव. साहेबांनी मान वर केली. समोर बाळासो बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाळासोंची मलकापूर शाखेत तात्पुरती बदली झाली आणि शाहूपुरीचं उद्दिष्ट एका कागदात पूर्ण झालं. मलकापूरच्या साहेबांनी त्यांना दारातच पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, चहा दिला आणि कुरुंदवाड शाखेसाठी कार्यमुक्त केलं. कुरुंदवाडच्या साहेबांनी चहाही दिला नाही. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तोडगा निघाला. बाळासोंनी तिन्ही ठिकाणी आळीपाळीनं काम करावं, मात्र तीस तारखेला प्रवासात असावं. अशा रीतीनं सगळा जिल्हा काट्यावर उभा राही तेव्हा बाळासोंचं वजन एसटीत असे.

तपासणी पथक कधीही टपकेल, या धास्तीनं इतर दिवशीही त्यांना इमारतीत बसू देईनात. ‘पायी क्षेत्रभेट’ असं नाव देऊन त्यांना सकाळी गावात सोडत आणि पाच वाजता सहीपुरतं आत घेत. पहिल्या महिन्यात मलकापूरचा चढ चढताना बाळासोंना धाप लागे. ते दर वळणावर थांबून विजयसिंह साहेबांचं नाव घेत, आणि ते भक्तिभावानं नसे. तिसऱ्या महिन्यात धाप गेली. वहिनींच्या डब्यातली अळणी भाजीही गोड लागू लागली. कुरुंदवाडला नदीकाठानं ते इतकं चालत, की गावात कुणाकडं तरी आलेले पावणं समजून लोक त्यांना रोज नव्यानं कुठं निघाला म्हणून विचारत.

चार महिन्यांनी वजन पंच्याऐंशी भरलं. दाब एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. हे कशानं साधलं, असं डॉक्टरांनी विचारलं. बाळासो म्हणाले, बदल्यांनी. ललितावहिनींनी तो आकडा डॉक्टरांना दोनदा वाचायला लावला आणि तिथंच पदर डोळ्याला लावला.

ही बातमी पसरली तसे बाळासो एकदम तिन्ही कार्यालयांना हवेसे झाले. आदर्श कार्यालयाचा सन्मान जाहीर झाला होता. त्यामुळं शाहूपुरीनं आपल्या अहवालात बाळासोंची नऊ किलो घट दाखवली, मलकापूरनंही दाखवली, कुरुंदवाडनंही दाखवली. वरच्या कार्यालयानं तिन्हींची बेरीज केली. चौऱ्याण्णवातून सत्तावीस गेले, राहिले सदुसष्ट. प्रत्यक्षात पंच्याऐंशी. आठ दिवसांत नोटीस आली. अठरा किलो वजन विनापरवाना जवळ बाळगल्याबद्दल खुलासा करावा.

नोटीस घेऊन बाळासो विजयसिंह साहेबांकडं गेले.

“साहेब, मी नऊच किलो उतरलोय की.”

“मग तीन कार्यालयांचे अहवाल खोटे हायत म्हणता?”

“तसं न्हाय. पण काटा पंच्याऐंशी दाखवतोय.”

“काट्यावर सही कुणाची हाय?” साहेबांनी विचारलं.

आणखी अठरा किलो उतरवणं या माणसाला सोसणार नाही, असं डॉक्टरांनी लेखी दिलं. ते पत्र नामंजूर झालं, कारण त्यात वजन करून लिहिलं होतं. शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. ते अठरा किलो त्यांनी शिपाई ज्ञानू यांच्या नावावर वर्ग केले. ज्ञानू सत्तावन्न वर्षांचे, जेमतेम त्रेचाळीस किलोचे. एका महिन्यात एवढं वजन वाढवल्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली आणि मलकापूरची बदलीही. ज्ञानूंनी एकच विनंती केली, की वाढलंच आहे तर निदान खाऊन तरी वाढवू द्यावं. विनंती फाइलला लावली.

बाळासोंचा मात्र जाहीर सत्कार झाला. सत्तावीस किलो उतरवणारा माणूस बघायला सभागृह तुडुंब भरलं होतं. शाल अंगावर पडल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी माइकवर सांगून टाकलं, की उतरलेत ते नऊच. रोज चाललो, मीठ कमी केलं, गोळी चुकवली नाही, डॉक्टरांना दाखवत राहिलो. दुसरं काही नाही.

लोकांनी लिहायला उघडलेल्या वह्या मिटल्या. मागून एक जण म्हणाला, “ते आमालाबी ठावं हाय. सत्तावीसचं सांगा.”

बाळासोंनी पुन्हा चालण्याचंच सांगितलं. पाच मिनिटांत सभागृह रिकामं झालं. बाहेर चारशे दुचाक्या उभ्या होत्या, त्यातल्या निम्म्या समोरच्याच गल्लीतून आलेल्या. हे वाचणारे तुम्हीही त्यातलेच; तुमची दुचाकी फाटकातच आडवी लावून वडापाव खायला गेला होता, त्यामुळं बाळासोंना मागच्या दारानं लांबचा वळसा घालून घरी चालत जावं लागलं. त्यांची काही तक्रार नव्हती.