ठेवू का पुसू?

नवरदेव हळदीच्या पाटावर बसलेला आणि आमचा उत्तम शर्टाच्या आतून फोटो काढून त्याच्या कानाशी लागलेला. "लगीन लागायच्या आधी सांग बाप्पा. ठेवू का पुसू?" फोटोत तोच पोरगा, दहावीला नापास झाल्यावर म्हशीच्या गळ्यात पडून रडताना.

"पुसा! पण आधी इथून जा!"

उत्तम माझा शेजारी. कुरुंद्यात त्याचं फोटोचं दुकान आहे. लग्नाचे फोटो पोटासाठी काढतो, जीव मात्र गावातल्या पोरापोरींत. भांडताना, रुसताना, ट्रॅक्टरवर झोपलेली, तशीच टिपतो. नीट बस म्हणून कधी सांगत नाही. आणि ती मोठी झाली की एकेकाला गाठून पुन्हा परवानगी मागतो.

"तवाच इचारलं व्हतं ना रे?" मी म्हणायचे.

"तवा लेकरू व्हतं काकू. लेकराचं 'व्हय' म्हणणं कच्चं असतंय. कच्ची हळद बाजारात चालती का?"

या नादात त्याचे निम्मे चांगले फोटो गेले. मी त्याला येडा म्हणते, तोंडावर.

एक फोटो मात्र दुकानात समोरच टांगलेला होता. त्याची एकुलती लेक शीतल. तिची आई गेली त्या साली हळद शिजवताना कढईजवळ बसून रडणारी, दोन्ही पिवळे हात गालाला. गिऱ्हाईक आपलं काम विसरून बघत राहायचं.

शीतल आता पुण्याला नोकरी करते. मागे सुट्टीला आली, तेव्हा तिच्यासमोरच मी म्हटलं, "साऱ्या गावाला इचारतोस. हिला कधी इचारणार?"

उत्तमचं तोंड उतरलं. त्याने विचारलं, "ठेवू का पुसू, शीतल?"

ती फोटोकडे बघत म्हणाली, "बाबा, मी रडून राहिले होते. अन् तुमी फोटो काढून राहिले होते." मग हळूच म्हणाली, "पुसा."

त्याने कॉम्प्युटरमधला पुसला. भिंतीवरचा काढून तिच्या हातात दिला. तिने तो फाडला.

"एकच व्हता की रे तसला," मी नंतर म्हटलं.

"इचारलं तर ऐकावं लागतंय, काकू."

आता तो अधूनमधून माझ्याकडे चहाला येतो. बशी हातात धरून विचारतो, "काकू, तुमी पाह्यला व्हता ना तो फोटो? कसा व्हता, सांगा बरं."

मी सांगते. कढईची वाफ, पिवळे हात, उजव्या खांद्यावर वेणी.

"डाव्या," तो म्हणतो.

सगळं ध्यानात असतं त्याच्या. तरी पुढच्या खेपेला पुन्हा विचारतो.