सात हजार चारशे एकोणीस क्रमांकाच्या अर्ध्या नोटेची बखर

श्री. ज्याच्या कृपेने दिलेला शब्द पाळण्याचे बळ येते त्यास नमस्कार करून, आणि ज्या बाळांस ऐकावयाची हौस आहे त्यांस आशीर्वाद देऊन, ही हकीकत लिहिली. शके सतराशे सदुसष्ट, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मास. बाळांनो, मनात आणा की तुम्ही एका राज्याच्या टोकास उभे आहात आणि तुम्हांस शंभर रुपये ऐंशी कोसांवर राजधानीत धाडावयाचे आहेत. चांदीचे शंभर रुपये म्हणजे सव्वा शेराचे ओझे, पावलापावलास खणखणणार, आणि वाटेत रान आणि रानात चोर, तर काय कराल? याचा विचार थोरल्या महाराजांनी केला आणि सरकारी कागद काढविले, ज्यांस लोक नोट म्हणू लागले. कागदावर मुद्रा, दोन्ही टोकांस एकच क्रमांक, आणि मधे मजकूर की, जो कोणी हा कागद आणील त्यास खजिन्यातून शंभर रुपये मोजून द्यावे. कागदाचे मोल दमडीचे, परंतु शब्द महाराजांचा, म्हणून लोक तो चांदीसारखा घेऊ लागले. आणि शहाण्या लोकांनी आणखी एक रीत पाडिली, ती ऐशी की, नोट कात्रीने मधोमध नागमोडी कापावी, पहिला तुकडा हरकाऱ्याबरोबर धाडावा, तो पोचल्याचे पत्र आले म्हणजे दुसरा धाडावा. एकट्या तुकड्यास खजिना काही देत नसे, तेणेकरून चोराने लुटला तरी त्याच्या हाती फक्त कागद. धन्य ती युक्ती!

त्या राजधानीत चिंतोपंत म्हणून वृद्ध गृहस्थ होते. सरकारी फडावर लेखकाचे काम करून थकले आणि घरी बसले, आणि मग त्यांनी जुन्या नोटा जमविण्याचा छंद धरिला. शिसवी पेटीत दूरदूरच्या राज्यांचे कागद, कोणावर हत्ती, कोणावर नौका, एक तर झाडाच्या सालीचा. दर गुरुवारी आळीतील मुले जमवावी, हात धुववावे, आणि एकेक कागद दाखवून सांगावे की, "पोरांनो, हा कागद नव्हे, हे वचन आहे. चांदी देऊन झाली की खजिना नोट जाळून टाकितो. म्हणजे या पेटीत जी आहेत ती कोणी मागावयास न आलेली वचने." आणि सर्वांच्या शेवटी आपले रत्न काढावे. ते म्हणजे थोरल्या महाराजांच्या पहिल्या छापाची अर्धी नोट. पंतांनी ती एका नावाड्यापासून घेतली होती. नदीच्या वाळूत त्यास, हरकारे पत्रे नेत तशी, लाखेने बंद केलेली वेळूची नळी सापडली, आतले पत्र कुजून गेलेले, परंतु मेणकापडात हा तुकडा जसाच्या तसा. त्या छापाचा दुसरा कागद अवघ्या राज्यात कोणापाशी नाही, हा पंतांस मोठा अभिमान.

एका गुरुवारी मुलांत सगुणा नावाची नऊ वर्षांची मुलगी नवीन आली होती. तिने तुकड्यावरील आकडा वाचिला आणि एकदम बोलली, "आजोबा, सात हजार चारशे एकोणीस! हा आमचा आकडा. अंताशेटींच्या भिंतीवर आहे तो." मुले हसली, परंतु पंत हसले नाहीत, कारण ती गोष्ट सर्व पेठेस ठाऊक होती; पंतांनीही ऐकिली होती, परंतु भिंतीवरचा कागद कोणत्या छापाचा हे कधी जाऊन पाहिले नव्हते. सगुणेचे पणजोबा भिकाजी हवालदार दूरच्या गडावर चाकरीस होते. लेकीच्या लग्नाचे कापड त्यांनी पेठेतील कापडवाले अंताशेट लाड यांच्या आजोबांकडून उधार उचलिले, आणि गडावरून त्याच्या पैशाची अर्धी नोट आली, दुसरी अर्धी आलीच नाही. हवालदार म्हणत की मी धाडिली. ते थोरले शेटजी म्हणत की लबाड आहे. आणि त्यांनी तो तुकडा दुकानाच्या भिंतीस खिळ्याने ठोकिला, तो साठ वर्षे तेथेच. हवालदार त्याच दुःखात गेले, आणि घरचे कोणी चोळीचा खण घ्यावयास गेले तरी दुकानातून हाक यावी की, "पैसे पुरे आणलेत ना? की अर्धेच?"

दुसरे दिवशी पंत उपरणे घ्यावयाच्या मिषाने दुकानी गेले आणि भिंतीकडे पाहिले, तो तोच छाप, तोच आकडा आणि तोच नागमोडी काप. पंत मनात म्हणाले की, हे बोलावे तर शेटजी दोन्ही तुकडे जोडून खजिन्यात नेणार आणि खजिना जाळणार, मग माझे रत्न गेले. उपरणे घेऊन घरी आले आणि गप्प राहिले. पुढल्या गुरुवारी सगुणेने विचारिले, "आजोबा, पाहिलात?" पंत बोलिले, "पाहिला. आकडा निराळा आहे, बाळे." तेव्हा ती म्हणाली, "निराळा कसा असेल? आई दुकानात मान खाली घालून उभी राहते, तेव्हा मी तोच आकडा वाचीत बसते. आकडे मी त्यावरच शिकले." आणि थोडे थांबून म्हणाली, "तुम्हीच सांगता की हा कागद नव्हे, वचन आहे. मग माझ्या पणजोबांचे वचन तुम्ही कुलपात का घालून ठेविले?"  पंतांनी पागोटे घातले, पेटीतून तुकडा काढिला, मुलीचा हात धरिला आणि भर बाजारातून चालू लागले.

अंताशेट गल्ल्यावर बसले होते. म्हणाले, "पंत, उपरणे उसवले की काय?" पंत म्हणाले, "उपरणे बरे आहे, मीच उसवलो. भिंतीवरचा कागद काढा." शेटजींनी तुकडा ओढून काढिला, खिळा भिंतीतच राहिला, आणि दोन तुकडे शेजारी ठेविताच काप कापात असा बसला की मधे केस जाईना. गिऱ्हाइके भोवती जमली. शेटजी म्हणाले, "जुळले खरे. पण थोरले महाराज जाऊन चाळीस वर्षे झाली. आता चांदी कोण देतो?" मग सर्व मंडळी खजिन्यात गेली. खजिन्याचे मुख्य पोतनीस यांनी जुन्या वह्या उलगडविल्या, तेव्हा तो क्रमांक अद्याप फेडावयाचा राहिलेला. वर्दी महाराजांकडे गेली. महाराज थोरल्या महाराजांचे नातू, त्यांनी इतकेच विचारिले की, "मुद्रा आमच्या आजोबांची आहे ना? मग त्यांचे लिहिणे आम्ही नुसते वाचावे काय? द्या चांदी." आणि शंभर रुपये खणखण मोजून शेटजींपुढे ठेविले. तेव्हा अंताशेटींनी डोईचे पागोटे उतरविले आणि सर्वांसमक्ष नऊ वर्षांच्या मुलीपुढे वाकून म्हणाले, "पोरी, तुझे पणजोबा खरे होते. आम्ही तीन पिढ्या खोटे बोललो." सगुणा मान वर करून उभी राहिली.

मग पोतनिसांनी समई पुढे ओढिली. पंत काकुळतीस येऊन म्हणाले, "साहेब, भोक पाडून रद्द करून द्या, जाळू नका." पोतनीस म्हणाले, "पंत, तुम्ही फडावरचे, तुम्हांस काय सांगावे? फेडलेला कागद बाहेर राहिला तर उद्या भलत्याच्या हाती पडून फसवील. तो जळतो म्हणूनच बाकीच्यांवर लोकांचा भरवसा." पंतांनी मान डोलाविली आणि राख होईपर्यंत पाहत राहिले. त्या दिवसापासून त्या राज्याची नोट परराज्यांतही लोक बिनदिक्कत घेऊ लागले.

येणेप्रमाणे साठ वर्षे वाटेत अडकलेले वचन पोचले. हवालदार खरे ठरले, राज्य खरे ठरले, आणि चिंतोपंतांच्या पेटीतला एक खण रिता झाला. राहिले ते मुलीचे वर्तमान. ती खजिन्यातून धावत निघाली ती अंताशेटींच्या दुकानी गेली, कापडाच्या गठ्ठ्यावर चढली, भिंतीतला तो खिळा हलवून हलवून उपटिला, पदराने पुसला, आणि पंतांच्या घरी जाऊन, आधी हात धुऊन, पेटीच्या त्या रित्या खणात नेऊन ठेविला.