घागरीला टेकवलेला नवरा

मोबाइल वापरायला मला कोणी शिकवलं नाही. माझी शाळा नववीत सुटली, पण बटणं दाबून दाबून मी जे शिकले ते आमच्या गल्लीतल्या बी. कॉम. सुनांनाही येत नाही. म्हणून लॉकडाऊनमध्ये आमचे हे देडतलाईला अडकले, तेव्हा मी अजिबात घाबरले नाही. म्हटलं, नवरा पासष्ट किलोमीटर लांब आहे तर असू दे. बुऱ्हाणपुरात बसून संसार चालवून दाखवते.

हे, म्हणजे अरविंदराव. देडतलाईला आमची केळीची बाग. माल कापायला म्हणून दोन दिवसांचे कपडे घेऊन गेले आणि मागे सगळे रस्ते बंद झाले. दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. पासासाठी तीन अर्ज केले, तिन्ही नामंजूर. आमच्या बागेतली केळी मात्र पास लावून, गाडीत बसून, थाटात आमच्या घरावरून जात होती. केळीला परवानगी, केळीवाल्याला नाही. मी गॅलरीत उभी राहून घडांकडे बघायची आणि मनात ह्यांना म्हणायची, ह्यातलाच एक घड होऊन या हो.

तशात आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर खरबूज, शेजारी आंबे, आणि पूजा मुलाच्या हातची. माझ्या सासऱ्यांची घागर दरवर्षी हेच पुजतात. सासऱ्यांनी आयुष्यात फोटो काढू दिला नाही, त्यामुळे घागर हेच आमच्याकडे त्यांचं रूप.

सासूबाई पहाटेच फुरंगटून बसल्या. "लेकाचा हात लागला नाही तर पाणी पोचत नाही वं. तो नाही तर घागरही नको."

"आई, येतील ते," मी म्हटलं. "मोबाइलमधून येतील."

व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल घागरीला टेकवून उभा केला. तिकडे हे तांब्या घेऊन बसले. मी इकडे पाणी घालायची, ते तिकडे घालायचे. सासूबाईंना एवढं पटलं की त्यांनी वाटीतलं कुंकू उचललं आणि सरळ मोबाइलच्या काचेवर ह्यांच्या कपाळाला लावलं.

"आई, काय करू राहिल्या?"

"पूजेला बसलेल्या माणसाचं कपाळ मोकळं ठेवायचं का?"

वर अक्षता चिकटवल्या. मग घागरीची मोगऱ्याची माळ थोडी मोठी झाली होती, ती मोबाइलवरूनही फिरवली. माळेने मोबाइलच्या कडा झाकून गेल्या. आत फक्त ह्यांचा चेहरा. नमस्कारासाठी डोळे मिटलेले, आणि नेमकं तेव्हाच चित्र जागच्या जागी थिजलं.

"मम्मी, नेट गया," आमची अमृता म्हणाली.

पण मला तो चेहरा फार आवडला. लग्नाला बावीस वर्षं झाली, इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ही माझी करामत भावकीने बघायला नको का? अमृताचा मोबाइल घेतला, झकास फोटो काढला आणि पाटील परिवाराच्या गटावर टाकला. खाली लिहिलं, "आखाजीची घागर भरली. सर्वांनी नमस्कार करावा."

मग दोन्ही मोबाइल देवघरात ठेवून मी पुरणाला लागले. सणाच्या दिवशी पिठाच्या हातांनी मोबाइल बघत नाही मी.

अर्ध्या तासाने दार वाजलं. शेजारची विमल, भावकीतलीच. मास्क वर, डोळे लाल, हातात डबा. तो उंबऱ्यावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकली.

"पिठलं-भाकरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही आज चूल पेटवू नका, ज्योत्स्नाताई."

"अगं, पुरण शिजतंय माझं."

विमलने नाक वर केलं. वास तिलाही आला असावा. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी दरोड्यात पकडली गेलेय.

"पुरण?"

"सण आहे ना. ह्यांना आवडतं म्हणून वाटीभर जास्तच केलंय."

विमल रडायलाच लागली. "धक्क्याने होतं असं," ती भिंतीला सांगत होती, "बिचारीला अजून कळतच नाही." आणि निघून गेली. मला वाटलं, घरात कोंडून कोंडून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. पिठलं चांगलं होतं, ते मी आत ठेवलं.

मग मात्र दोन्ही मोबाइल एकदम वाजायला लागले. हात पुसून गट उघडला. सत्त्याऐंशी लोकांनी हात जोडले होते. मी खूश. नमस्कार करा म्हटलं तर भावकीने खरंच केला. मग वाचायला लागले. "विश्वास बसत नाही." "काल परवाच बोलणं झालं होतं." "मनमिळाऊ केळी उत्पादक हरपला."

फोटो पुन्हा उघडला. घागर, माळ, कुंकू, मिटलेले डोळे. आमच्याकडच्या कोणत्याही माणसाला दाखवा, तो चप्पल काढूनच पुढे बोलेल.

"अमृता, बाबांना फोन लाव."

बंद. पुन्हा लावला. बंद. पाच वेळा लावला, बंद.

आता खरं सांगते. फोटो मी स्वतः काढलेला. घागर माझी, माळ माझी, सगळं मला माहीत. पण सत्त्याऐंशी लोक एक गोष्ट सांगत असतात आणि नवऱ्याचा फोन बंद असतो, तेव्हा स्वतःच्या अकलेवरचा भरवसा उडतो. वाटलं, ह्या लोकांना काही वेगळंच कळलं असेल तर? मला कोण कळवणार, मी तर बातमी देणारी ठरले होते. चित्र नेटमुळेच थिजलं होतं ना? मी देवघरात जाऊन घागरीपुढे बसले. उठायचं सुचलं नाही. पुरण लागल्याचा वास आला तरी उठले नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही, डोळ्यात धूर गेला."

दोन तासांनी नंदोयांचा, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याचा, फोन आला. शालिग्रामराव खकनारला राहतात आणि तिथल्या तहसील कचेरीतला प्रत्येक माणूस त्यांच्या हातचा चहा प्यायलेला आहे.

"वहिनी, मी देडतलाईला पोचलो."

मी घागरीचा काठ घट्ट धरला.

"तुमचे अरविंदराव लिंबाखाली आंबा खाऊ राहिले. गावची लाइट गेली, फोन उतरला, म्हणे घागर झाली, आता आंबा खायला हरकत नाही. आणि मी येताना अख्ख्या रस्त्याने रडत आलो."

मी काय बोलले ते आठवत नाही. अमृता सांगते की मी मोबाइलच्या काचेवरच्या कुंकवाला हात जोडले.

"आता ऐका," शालिग्रामराव म्हणाले. "अंत्यविधीचा पास मिळालाय, थेट बुऱ्हाणपूरपर्यंत. एका तासात. गाडीसकट. वाया कशाला घालवायचा?"

पाच आठवडे जिवंत माणसाला जे मिळालं नाही, ते मेल्याबरोबर मिळालं.

नाक्यावर काय झालं ते ह्यांनीच नंतर सांगितलं. हवालदाराने पास वाचला, गाडीत वाकून पाहिलं. "बॉडी कहाँ है?"

आमचे हे खोटं बोलत नाहीत. "जी, मैं," म्हणाले.

"साहब, रास्ते में ठीक हो गए," शालिग्रामरावांनी भर घातली.

हवालदार तीन पावलं मागे गेला, तिथूनच म्हणाला, "जाओ, जाओ. चौदा दिन घर से निकलना मत."

असे आमचे हे घरी आले. आले आणि सरळ पुढच्या खोलीत चौदा दिवसांसाठी बंद. मी दाराशी ताट ठेवायचं, बाजूला व्हायचं, मग त्यांनी उचलायचं. पहिल्या दिवशी त्यांनी गटावरचे सगळे निरोप वाचून काढले. दुसऱ्या दिवशी तक्रारी सुरू.

"नीलेशने नुसते हात जोडले. त्याच्या लग्नात मी तीन दिवस राबलो होतो."

"हो."

"आणि बाकीच्यांनी दोन दोन ओळी तरी लिहिल्या. बायकोने एक अक्षर नाही."

मी दाराला टेकून उभी होते. "मला लिहायचं नव्हतं," म्हटलं.

आतून खुर्ची दाराजवळ ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तरी, लोकांना काय वाटेल. काहीतरी लिहायचं."

म्हणून मी तिथेच उभ्याउभ्या गटावर लिहिलं, "अरविंदराव घरी पोचले. प्रकृती उत्तम. दिवसभर पुढच्या खोलीतून बोलत असतात."

ह्यांचे ऐंशी वर्षांचे कडूमामा गटावरचं सगळं फार सावकाश वाचतात. ह्या वेळी मात्र त्यांचं उत्तर लगेच आलं.

"ईश्वर तुला हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो."

मी दुरुस्त करणार होते. मग म्हटलं, राहू द्या.