चौथा कोपरा माझ्या बाल्कनीत

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी मेकॅनिकला फोन लावतात आणि रस्त्यापलीकडचे भरमाण्णा विहिरीला नारळ फोडायला सांगतात. विहीर कुठं, तर लिफ्टच्या खाली बुजवलेली. "लिफ्ट म्हंजे आमची हीरच की, आक्का. आधी पोहरा खालीवर व्हायचा, आता माणसं व्हत्यात."

गेल्या पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात खरंच पाणी साठलं. त्या दिवशी भरमाण्णांचा चेहरा शाळेत मुलाचा पहिला नंबर आल्यासारखा होता. "झरा जित्ता हाय!" असं ते येईल-जाईल त्याला सांगत होते. पुढं कळलं की गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटून ते पाणी खाली उतरलं होतं. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. चूक दिसली की बोलून मोकळं व्हायचं, हा माझा स्वभाव आहे. भरमाण्णा शांतपणे म्हणाले, "बरं. पण टाकीत तरी पाणी कुठनं आलं?"

टाकी बोअरवर भरते. मी विषय बदलला.

आम्ही शहराबाहेर, पिरनवाडीच्या पुढं राहतो. खासबागेतलं भाड्याचं घर सोडून इथं फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं सांगितलं होतं, "शहराची सोय आणि खेड्याची हवा." हवेबद्दल तक्रार नाही. माझ्या हॉलच्या खिडकीतून सॉफ्टवेअर कंपनीची काचेची इमारत दिसते आणि स्वयंपाकघरातून भाताचे वाफे. सकाळी कंपनीची बस आणि शेजारच्यांच्या म्हशी एकाच वेळी रस्त्यावर येतात आणि बस थांबते. इंटरनेटची केबल बांधावरून खांबाखांबानं आलेली आहे. सुगीत तिच्यावर कुणीतरी शेंगांचे वेल वाळत घालतं आणि मग माझ्या नवऱ्याची मीटिंग मध्येच गोठते. मी स्वतः एका फाउंड्रीत डिस्पॅच बघते. माल वेळेवर बाहेर पडला पाहिजे, एवढंच मला कळतं.

आमची इमारत जिथं उभी आहे ते भरमाण्णांचं रान होतं. ते त्यांनी विकलं. विकलं म्हणजे कागदावर विकलं. एरवी ते अजून त्यांच्याकडंच आहे.

सामान लावत होते त्या दिवशी बाल्कनीच्या पलीकडून आवाज आला. "रताळ्यात तुम्हीच आलासा न्हवं?" बघते तर धोतर, पांढरी टोपी, आणि टोपीखाली एक चौकस म्हातारा. मला वाटलं, भाजीवाला. मी म्हटलं, "आज नको." ते म्हणाले, "तसं न्हवं. तुमच्या फरशीखाली आमची रताळी असायची. लई गोड माती. सुखी ऱ्हाशीला."

तेव्हापासून मी रताळ्यातली आक्का. आधी मला ते फारसं आवडलं नव्हतं. मग कळलं की इतरांचं माझ्यापेक्षा वाईट आहे. सेक्रेटरी राहतात ते मिरचीत. "म्हणूनच तसं बोलत्यात, त्यांचा दोष न्हाय," असं भरमाण्णा समजूतदारपणे सांगतात. वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं भुईमुगात राहतं, म्हणजे भुईमुगाच्या वर. ही झाली आमची विंग. पलीकडं ए विंग भात, बी विंग ज्वारी, आणि क्लबहाऊसच्या जागी उकिरडा होता, हे त्यांनी बर्थडे पार्टीच्या वेळी आत येऊन सांगितलं.

पत्ता सांगायचीही हीच रीत. डिलिव्हरीवाला गेटाबाहेर भरमाण्णांना भेटला तर संपलं. "बी विंग? सरळ जा, ज्वारी लागंल. ज्वारीतनं डावीकडं वळायचं न्हाय, तिकडं हीर हाय." एकदा माझा मिक्सर असा दोन दिवस फिरत राहिला. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, फ्लॅट नंबर सांगत चला." ते म्हणाले, "नंबर काय, कुणी बी घालतंय. आंब्याच्या झाडाला कुणी नंबर घालतंय काय?"

त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडं आहे, कौलारू, पुढं कट्टा. मुलगा पुण्याला. तो कसलंतरी ॲप बनवतो, ज्यात शेतकऱ्याला कळतं की पिकाला पाणी कधी द्यायचं. अधूनमधून तो वडिलांना फोन करून विचारतो की शेंगा कधी पेरायच्या, आणि मग ते सगळ्या शेतकऱ्यांना ॲपमधून कळतं. "जगाला पाणी पाजतंय पोरगं," भरमाण्णा म्हणतात. "आमच्यापाशीच तेवढं रान न्हाय."

आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "घरात इचारून सांगतो." कुणी कट्ट्यावर मोबाइल टॉवरची चौकशी करायला येवो, सेक्रेटरी कंपाउंडकडं झुकलेली फणसाची फांदी तोडायचं म्हणोत, मी चहाला बोलावो, उत्तर तेच. बहुतेक वेळा घरातून नकार यायचा. टॉवरला नकार, फांदीला नकार. चहाला मात्र होकार, बिनसाखरेचा. मी कधी त्यांच्या घरात गेले नव्हते, पण बाई खमकी आहे हे उघड होतं. मला अशा बायका आवडतात.

खरी गंमत येळ अमावस्येला. आमच्याकडं त्या दिवशी शेतकरी घरचा नैवेद्य घेऊन रानात जातात, भाकरी, भरली वांगी, शेंगाची पोळी, दहीभात, आणि रानाच्या चारी कोपऱ्यांत तो शिंपतात. वर्षभर जमीन आपल्याला खाऊ घालते, एक दिवस आपण तिला. मग तिथंच बसून सगळे जेवतात. भरमाण्णाही रानात जातात. त्यांच्या रानाचा एक कोपरा आमच्या पार्किंगमध्ये आहे, दुसरा जनरेटरपाशी, तिसरा मुलांच्या घसरगुंडीखाली. चौथा माझ्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनला लागून.

सुरुवातीची वर्षं कुणी काही बोललं नाही. डोक्यावर नैवेद्याची बुट्टी, हातात तांब्या, असे ते यायचे. बुट्टीतला घास उधळून ओरडायचे, "खा गं आई, पोटभर!" मग बुट्टी खाली ठेवायचे, तांब्या उचलायचे, चार पावलं मागं यायचे, पाणी शिंपडायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. मग पुन्हा पुढं. माझ्या बाल्कनीतल्या कोपऱ्याला ते कठड्याबाहेरूनच घास द्यायचे. मी खिडकीतून बघायची. म्हातारपणी माणसाला एकेक सवय लागते, असं म्हणून मी भांडी घासायला लागायची.

मग गेटवर ॲप आलं. येणाऱ्याचं नाव यल्लाप्पा वॉचमन मोबाइलमध्ये घालणार, आपल्या फोनवर सूचना येणार, आपण होकार दिला तरच माणूस आत. पहिल्याच येळ अमावस्येला गेटवर जो संवाद झाला तो मी स्वतः ऐकला.

"कुणाकडं जायचं, अण्णा?"

"रानाकडं."

"फ्लॅट नंबर सांग."

"रान आधी आलं का फ्लॅट आधी आला? सर्व्हे नंबर घाल." आणि त्यांनी तो तोंडपाठ सांगितला.

यल्लाप्पानं बिचाऱ्यानं तो घालूनही बघितला. "मशीन बेड म्हणतंय, नको म्हणतंय, अण्णा. पाहुणा, कॅब, डिलिव्हरी, कामवाली, एवढंच घेतंय. तू यातला कोण?"

भरमाण्णांनी विचार केला. "जेवाण आणलंय. डिलिव्हरीच घाल."

मी होकार दिला. यल्लाप्पानं माझाच फ्लॅट नंबर घातला होता. पण त्याच फेरीत दहीभाताचा एक घास सेक्रेटरींच्या नव्या गाडीवर पडला. मागोमाग कावळे आले आणि कावळ्यांनी गाडीवर आपापली भर घातली. ग्रुपवर फोटो फिरले. मीटिंग झाली. बाहेरच्या व्यक्तीनं आवारात अन्न टाकू नये, असं ठरलं. मी मधला मार्ग सुचवला: गेटपाशी एक मोठं ताट ठेवू, अण्णांनी सगळा नैवेद्य त्यात ठेवावा. सगळ्यांना पटलं. डिस्पॅचमध्ये आम्ही असंच करतो, चार ठिकाणचा माल एका ठिकाणी उतरवतो.

निरोप द्यायचं काम माझ्यावर आलं. भरमाण्णा कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आक्का," ते म्हणाले, "चार लेकरांत एकाच्याच पुढं ताट ठेवलं, तर बाकीची तीन काय तोंडाकडं बघत बसतील व्हय?"

"मग काय करायचं?"

"घरात इचारून सांगतो."

उत्तर आलंच नाही. वर्ष गेलं, पुढची येळ अमावस्या आली. त्या दिवशी मी रजेवर होते, गॅसवर वाटाण्याची उसळ होती. फोन वाजला. भरमा. डिलिव्हरी. आणि फ्लॅटच्या जागी पुन्हा माझा नंबर.

माझ्याकडं कोण येतं यावर सोसायटीचा नियम नाही. मी होकार दिला.

दारात ते बुट्टी धरून उभे होते. चपला बाहेर काढून ठेवलेल्या. "तुमच्या बाल्कनीतला कोपरा तेवढा करतो," म्हणाले. "बाकीच्या तिघांस्नी गेटावरनंच हात जोडला. पण ह्यो सोडाय येत न्हाय."

मी कपडे वाळत घातलेलं स्टँड बाजूला सरकवलं. त्यांनी कठड्यावरून खाली घास टाकला. "खा गं आई, पोटभर!" मग बुट्टी वॉशिंग मशीनवर ठेवली, तांब्या घेतला, आणि मागं सरकायला लागले. मागं मी होते, माझ्यामागं फ्रिज. जागाच नव्हती. ते तांब्या धरून तसेच अवघडून उभे राहिले.

"अण्णा, हे मागं-पुढं कशाला? एका जागी उभं राहून पाणी घाला की."

"तसं न्हाय जमत. पाणी मागनं पडाय लागतंय. पुढच्यानं घास टाकायचा, मागच्यानं पाणी द्यायचं आणि जाब द्यायचा. दोघांचं काम हाय ते."

"मग त्यांना का नाही आणत?"

"कुणाला?"

"तुमच्या घरातल्यांना."

भरमाण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले होते. "ती गेली की, आक्का. हितला पाया खणायच्या आधीच. ती व्हती तवर तिनं सातबारा कुणाला दाखवू दिला न्हाय. ती गेली, येळ अमावस्या आली, मी एकटाच आलतो. पुढं जाऊ का मागं ऱ्हाऊ, कळंना. दोन कोपरं केलं आणि खाली बसलो." त्यांनी तांब्यातल्या पाण्याकडं बघितलं. "मग इकलं. एकट्याला चार कोपरं आवरंनात."

टॉवरला नकार कुणी दिला होता, फणसाची फांदी कुणी राखली होती, हे मी विचारलं नाही. मला कामं उरकायची होती. मी गॅस बंद केला, ओढणी खोचली आणि त्यांच्या हातातला तांब्या घेतला.

"चला," मी म्हटलं. "पार्किंगपासून सुरू करू. हा कोपरा शेवटी."

"तिकडं बंदी हाय."

"तुम्ही माझे पाहुणे आहात. मी पाहुण्यांना आवार दाखवतेय."

जाताना रद्दीचे पेपर घेतले आणि सेक्रेटरींच्या गाडीवर पसरले. चारी बाजूंनी, व्यवस्थित. भरमाण्णांनी घास टाकला, ओरडले. मी मागून पाणी शिंपडलं. "जाब काय द्यायचा?"

"पिकू दे गं आई, घरभर."

मी दिला. जनरेटरपाशी दिला, घसरगुंडीखाली दिला. फाउंड्रीत मशीनच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असावा. मिरचीतल्या बाल्कनीत सेक्रेटरी येऊन उभे राहिले. पेपरांनी झाकलेली गाडी बघितली, मला बघितलं. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मी तांब्यासकट वर बघितलं, आणि ते आत गेले.

आम्ही पुन्हा माझ्या बाल्कनीत आलो. शेवटचा कोपरा. भरमाण्णा कठड्यापाशी, मी फ्रिजला पाठ लावून.

"खा गं आई, पोटभर!"

"पिकू दे गं आई—"

"हळू, आक्का." ते मागं न बघता म्हणाले. "ती हळू म्हणायची. फकस्त मला ऐकू येईल असं."

मी हळू म्हटलं.

कठड्यावर सांडलेलं भाताचं शीत त्यांनी बोटानं खाली लोटलं. मग फरशीवर मांडी घातली, बुट्टी मध्ये घेतली. "जेवाण हितंच व्हायचं," म्हणाले. मीही बसले. त्यांनी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर वांगं. भाकरीच्या कडा करपल्या होत्या आणि मधे ती कच्ची होती. वांग्यात मीठ दोनदा पडलं होतं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं. "मीच केलंय."

"चांगलं झालंय," मी म्हटलं, आणि आणखी एक वांगं मागून घेतलं.