पन्नासवरचा काटा

भालचंद्ररावांनी बैठकीच्या खोलीतल्या शेवटच्या खिडकीची फट चिकटपट्टीने बंद केली आणि भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं. हवेतला ओलावा दाखवणारा काटा पस्तिसावर होता. हळदीकुंकवाच्या बायका यायच्या आत तो पन्नासवर आणायचा होता.

"अहो, हे घर आहे की डबा?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"डॉक्टर काय म्हणाले, आठवतं ना? थंडीतली हवा कोरडी. शिंकेतले थेंब वाळून हलके होतात आणि तरंगत बसतात. आपलं नाकही कोरडं पडतं. खोलीत पन्नास टक्के ओलावा असला की विषाणूचं फारसं चालत नाही."

"हवा खेळती ठेवा, असंही म्हणाले होते."

ते वाक्य भालचंद्ररावांनी कानाआड केलं होतं. त्यात आकडा नव्हता ना! कारखान्याच्या वाइंडिंग विभागात त्यांची उभी नोकरी ओलाव्याला हाकलण्यात गेली होती. तांब्याच्या कॉइलला जरा दमट हवा लागली की ते सगळ्यांना फैलावर घेत. असा माणूस आता घरात ओलावा आणायला निघाला होता, त्याला कारण होतं. मागच्या हिवाळ्यात शशिकलाबाई न्यूमोनियाने दवाखान्यात होत्या. आत जायची मनाई, म्हणून हे वॉर्डच्या खिडकीबाहेर उभे राहत. तेव्हा वाटलेली भीती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. आता निवृत्ती जवळ आली होती. क्वार्टर सोडण्याआधी इथलं शेवटचं हळदीकुंकू करायचंच, असा बाईंचा हट्ट होता. बायका येणार, त्यांतली एखादी शिंकणार. ते काही थांबवता येत नव्हतं. निदान हवा तरी आपल्या ताब्यात राहावी, एवढंच त्यांना वाटत होतं.

त्यांनी खोलीत दोरी बांधून ओल्या चादरी टांगल्या. गॅसवर मोठं पातेलं उकळत ठेवलं. काटा पन्नासवर आला आणि बायकाही आल्या.

इथे गणित चुकलं. एवढ्या बायका श्वास घेणार आणि श्वासातही पाणी असतं, हे त्यांनी धरलंच नव्हतं. काटा साठ, सत्तर, ऐंशी असा चढत गेला. भिंतींना पाणी सुटलं, चष्म्यांवर वाफ धरली. शशिकलाबाईंनी खपून केलेल्या काटेरी हलव्याचा एकच गोळा झाला.

"भाभीजी, जनवरी में पसीना?" शेजारच्या तिवारीबाई म्हणाल्या.

"भाऊजी, यापेक्षा आमचा नागपूरचा उन्हाळा परवडला हो!" कुसुमवहिनी पदराने वारा घेत म्हणाल्या, आणि तेवढ्यात दोरी तुटून ओली चादर त्यांच्याच अंगावर पडली.

शशिकलाबाईंनी चिकटपट्टी टरकावली, दार सताड उघडलं. "चला गं, सगळ्याजणी अंगणात! उन्हात बसू." पेरूच्या झाडाखाली सतरंज्या पडल्या आणि बाहेर हशा पिकला.

आत भालचंद्रराव उरले आणि त्यांच्या सोबतीला नरहर, म्हणजे कुसुमवहिनींना सोडायला आलेले त्यांचे यजमान. हे भालचंद्ररावांच्याच विभागातले.

"आता बघ, पुन्हा पन्नासवर आणून दाखवतो," म्हणत भालचंद्ररावांनी दार-खिडक्या लावल्या.

"दाखवाच," नरहर नाक पुसत म्हणाले.

"सर्दी झाली की काय?"

"छे हो, धुळीचं आहे." आणि ते खणखणीत शिंकले. दोघेजण मीटरला नाक लावून तासभर बसले. काटा बरोब्बर पन्नासवर आला. भालचंद्ररावांनी विजयाने टाळी मागितली, नरहरांनी ती त्याच हाताने दिली.

दोन दिवसांनी अंगणातल्या सगळ्या बायका ठणठणीत होत्या. भालचंद्ररावांना मात्र ताप होता. त्यांची रवानगी आतल्या खोलीत झाली, सोबत मीटरचीही.

बाहेर शशिकलाबाईंनी खिडकीपासून जरा लांब, उन्हात खुर्ची टाकली आणि मटार सोलायला घेतले.

"काटा किती?" आतून घोगरा आवाज आला. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"मघाशी बघितला, पन्नासला आहे. दोन ओले टॉवेल टाकलेत खुर्चीवर. आणि खिडकी उघडी आहे, ती उघडीच राहील."

"अगं, गार वारा आहे. तू घरात जा बघू."

"गेल्या वर्षी वॉर्डातून मीही तुम्हाला रोज सांगत होते, घरी जा म्हणून. गेला होतात?"

भालचंद्ररावांनी रजई गळ्यापर्यंत ओढली आणि मीटरकडे पाठ करून खिडकीकडे तोंड केलं.