साहेबांच्या खुर्चीवरची घोंगडी

१९९४ सालची गोष्ट. त्या वर्षी म्हसवडात थंडी दिवाळीआधीच उतरली, आणि त्याच आठवड्यात नाथाजींच्या घरी साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीचं पत्र आलं. वसतिगृहातल्या पोरांसाठी घोंगड्या घ्यायच्या होत्या. नाथाजींचा दर सगळ्यांत कमी, तरी ठेका सांगलीचे दुकानदार आप्पासाहेब यांना गेला. कारण काय, तर 'नमुना सादर केला नाही.'

"म्याच न्हेऊन दिला की!" नाथाजी म्हणाले. "शिपायानं शिक्क्याची चिठ्ठी काठाला शिवली माझ्यासमूर."

मनुबाईनं सुताला लावायची चिंचोक्याची खळ ढवळता ढवळता कपाळाला हात लावला. हे काम मिळालं तरच घरातला माग चालणार होता. नाही तर तो बंद करून नवऱ्याला फलटणच्या साखर कारखान्यावर राखणदारीला जावं लागणार होतं.

"रडू नगा, वैनी," शेजारचे राजरत्न गुरुजी म्हणाले. ते शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, हाताशी वेळ भरपूर. "ठेका दिला म्हंजे संपलं न्हाई. वरच्या सायबाकडं अपील करता येतं. निकाल लागस्तवर खरेदी थांबवा, असंबी मागता येतं. निस्ता पुरावा पायजे."

सुनावणीला तिघं साताऱ्याला गेली. वरच्या साहेबांना कंबरेचा त्रास होता, म्हणून शिपायानं त्यांच्या खुर्चीवर काहीतरी जाड घडी करून घातलं होतं. मनुबाईनं त्याचा लाल काठ पाहिला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"आवं, आपली घोंगडी!"

"गप. दिसतीय मला."

"मग सांगा की!"

"घोंगडीवर बसल्याल्या माणसाला उठवत न्हाईत. आपल्या घरात न्हाई ती रीत."

साहेबांनी विचारलं, "नमुना दिला होता?"

"व्हय."

"कुठे आहे?"

"हितंच हाय की."

"मग दाखवा."

"तुमी बसलाय, तवर कसा दावू?"

"अहो, मी तुमचं ऐकायलाच बसलोय! मी उठून गेल्यावर कुणाला दाखवणार?"

"तवा समद्यास्नी दिसंल."

गुरुजींना काहीच उमगेना. ते एकामागून एक नियम वाचत सुटले. साहेबांनी कंटाळून निकाल लिहायला पेन उचललं, तसा मनुबाईचा धीर सुटला.

"सायेब, उठा!"

साहेब दचकून उठले. मनुबाईनं घडी उलगडली. काठाला शिक्क्याची चिठ्ठी तशीच होती.

साहेब तसा सरळ माणूस. चिठ्ठी वाचून त्यांचा चेहरा उतरला. "बाई, तुमचं खरं आहे. नमुना मिळालाय. मी स्वतः पाहिला."

"मग द्या निकाल!"

"तिथंच तर घोळ झाला. मी आता साक्षीदार झालो. साक्षीदारानं निकाल कसा द्यायचा? प्रकरण पुण्याला पाठवतो."

"तवर खरेदी तरी थांबवा," गुरुजी म्हणाले.

"तो हुकूमही मला काढता येणार नाही आता."

परतीच्या एस.टी.त दहिवडी आल्यावर नाथाजी एवढंच म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो, उठवू नगा."

पुण्याची तारीख लागायला दुसरा हिवाळा गेला. तोवर साहेबांची सांगलीला बदली झाली होती. त्यांनी तिथून प्रामाणिकपणे साक्ष लिहून पाठवली, की ही घोंगडी आपण रोज वापरली असून ती कुठंही विरलेली नाही. अपील मंजूर झालं. ठेका अन्यायानं दिला गेला, असं स्वच्छ लिहून आलं. गुरुजींनी पेढे वाटले. पेढे संपल्यावर त्यांनी पुढची ओळ वाचली, 'खरेदी पूर्ण झाली असल्याने पुढील कारवाईची आवश्यकता नाही.'

आप्पासाहेबांनी पुढं सांगलीत दुसरं दुकान काढलं. साहेब तिथूनच निवृत्त झाले. कंबर शेवटपर्यंत दुखत राहिली. गुरुजींकडं साऱ्या माण तालुक्यातून लोक अपिलं लिहून घ्यायला येऊ लागले. बरीचशी त्यांनी जिंकली. कुणाच्या हाती काही लागलं नाही.

नाथाजी फलटणला कारखान्याच्या फाटकावर उभे राहू लागले. मनुबाईनं बंद पडलेल्या मागाच्या खड्ड्यात कांदे भरले. सिद्धनाथाच्या जत्रेला नाथाजी सुट्टी घेऊन आले, की विणायला बसायच्या जुन्या सवयीनं त्या खड्ड्यात पाय सोडून बसत.

"आवं, कांदं चेंगरत्यात," मनुबाई म्हणे. "पाय वर घ्या."

नाथाजी पाय वर घेत.